संस्कृती : शोभेची की सोबतीची?

नगरविकासाच्या चर्चेत ‘संस्कृती’ हा शब्द अलीकडे फारच स्वस्त झाला आहे. उड्डाणपुलाच्या खांबांवर वारली चित्रे रंगवली, चौकात रंगीत होडी उभी केली आणि थंडीच्या दिवसांत तीन दिवसांचा महोत्सव भरवला, की शहर सुसंस्कृत झाले असे ठरावात नोंदवता येते. ज्यांच्या कुडाच्या भिंतीवरून ते चित्र उचलले, त्या समाजातील माणूस त्याच पुलाखाली सकाळी मजुरीची वाट पाहत बसलेला असतो. त्याच्या पोराला शाळा आहे काय, त्याच्या झोपडीला पाणी आहे काय, हा प्रश्न सांस्कृतिक समितीच्या कक्षेत येत नाही. तो दुसऱ्या खात्याचा विषय मानला जातो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. शहर वसवताना संस्कृतीच्या बळावर माणसे जोडता येतात, याविषयी आम्हांला शंका नाही. मात्र हे जोडणे तेव्हाच घडते, जेव्हा ती संस्कृती घडवणाऱ्या माणसांना राहायला जागा उरते आणि कारभारात त्यांच्या शब्दाला किंमत असते. माणसे हलवायची आणि त्यांची गाणी, चित्रे व आठवणी तेवढ्या मागे ठेवून घ्यायच्या, याला विकास म्हणता येणार नाही. ती चोरी होय. आणि ही चोरी केवळ सरकार अन् बिल्डर करतात असेही नाही. आपणही तीत सहभागी आहोत. हे शेवटचे वाक्य आमच्या वाचकांना रुचणार नाही, हे जाणूनच ते लिहीत आहोत.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घ्या. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढील शतकभरात परळ, लालबाग, शिवडी, भायखळा, वरळी या पट्ट्यात श्रमिकांची एक नगरी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेले गडी दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपत. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी उलगडे. जेवण खानावळीत होई. गावाकडच्या देवाची जत्रा, भजन, नमन, दशावतार, लेझीम, आखाडा असे सारे त्यांच्याबरोबर आले आणि चाळीच्या चौकात रुजले. ही संस्कृती कोणा खात्याने राबवली नव्हती. परक्या शहरात माणूस एकटा पडू नये म्हणून माणसांनी एकमेकांना दिलेला तो आधार होता.

या आधाराचा जागेशी किती जवळचा संबंध होता, हे पाहण्यासारखे आहे. लालबागचा प्रसिद्ध सार्वजनिक गणपती १९३४ साली बसला, तो बाजाराची जागा गमावलेल्या कोळी बांधवांच्या व विक्रेत्यांच्या नवसातून. त्यांना बाजारासाठी कायमची जागा हवी होती, ती मिळाली आणि उत्सव सुरू झाला. आज तेथे लोटणाऱ्या गर्दीपैकी किती जणांना ठाऊक असेल, की या उत्सवाच्या मुळाशी टोपली मांडण्यापुरत्या जागेची मागणी होती? १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा त्यांच्यापुढे बसलेला श्रोता पाळी संपवून आलेला कामगार होता. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले आणि स्वतः मजुरी केलेले नारायण सुर्वे १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह देऊ शकले, कारण त्यांचे विद्यापीठ त्या रस्त्यांवर प्रत्यक्ष भरत होते. कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळीच्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. स्वयंपाक, गाणे आणि हक्क हे वेगवेगळे कप्पे तेथे नव्हतेच.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप कोणी जिंकला नाही. मात्र जमीन जिंकली. कारण संपानंतर गिरण्यांच्या कापडापेक्षा त्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीला मोल आले. १९९१च्या विकास नियमावलीत तरतूद होती की गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक हिस्सा मालकाला, एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि एक गृहनिर्माणासाठी म्हाडाला मिळावा. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. परंतु २००१ साली नियमाचा अर्थ बदलला. वाटणी साऱ्या जमिनीची न होता केवळ मोकळ्या पडलेल्या तुकड्याची व्हावी, असे ठरले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला आणि शहराच्या मध्यभागी बागा, मैदाने व श्रमिकांची घरे उभी राहण्याची जी संधी होती, ती बहुतांशी निसटली. एका शब्दाच्या व्याख्येत एवढी माणसे मावेनाशी झाली!

आज तेथे काचेचे मनोरे आहेत, बाजारसंकुले आहेत. काहींच्या आवारात जुनी चिमणी जपून ठेवलेली दिसते. तिच्यातून धूर येत नाही, म्हणूनच कदाचित ती शोभून दिसते. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम हाती घेतले. संग्रहालयाला आमचा विरोध नाही. मुलांनी माग पाहावा, धोटा हातात घ्यावा. परंतु ज्यांचा इतिहास तेथे मांडायचा, ते कामगार व त्यांचे वारस घरासाठी वर्षानुवर्षे अर्जांच्या रांगेत उभे आहेत. दीड लाखांहून अधिक अर्ज आले, आणि घरांची सोडत काही हजारांपुरती झाली. पुढे शेलू-वांगणी अशा दूरच्या ठिकाणी घरे देण्याची योजना पुढे आली, तेव्हा त्यांनी ‘मुंबई आम्ही उभी केली, घर मुंबईतच द्या’ अशी मागणी लावून धरली. आठवण शहरात राहील आणि माणूस वांगणीला जाईल, ही कसली सांस्कृतिक नीती? परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगार रंगभूमीचे घर होते. तेही २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले आणि ‘आमचे नाट्यगृह आम्हांला परत द्या’ म्हणून रंगकर्मींना आंदोलन करावे लागले.

येथवर वाचून आपण मान डोलावली असेल. शासन चुकले, बिल्डर लोभी निघाले, हे ऐकणे सोपे असते. आता आपल्या अंगणाकडे वळू.

गिरणगावातून उठलेली माणसे गेली कोठे? काही गावी परतली. अनेक कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या रुळांबरोबर उत्तरेकडे सरकत आपल्या दारात, नालासोपारा आणि विरार येथे, येऊन थांबली. त्यांच्यापाठोपाठ कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून माणसे आली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. आपल्यापैकी अनेकांनी गावे महापालिकेतून वगळावीत म्हणून आंदोलन केले. त्याआधी हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाकेला ओ देऊन बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या लढ्यांचा आम्हांला अभिमान आहे. आपल्या विहिरी, केळीच्या बागा, फुलांचे वाफे वाचावेत ही मागणी न्याय्यच होती. पण त्या मागणीच्या सावलीत आपल्या मनात दुसरेही काही वाढले. ‘बाहेरचे’ हा शब्द आपल्या तोंडी सहज बसला. टँकर माफियाबद्दल बोलताना जो सूर लागतो, तोच सूर आपण चाळीतल्या भाडेकरूबद्दल बोलताना लावू लागलो.

आमच्याच धर्मग्रामातील गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी सणानिमित्त आम्ही मोठा सांस्कृतिक कार्यक्रम केला. लाल लुगडी नेसून बायका नाचल्या, जुन्या लग्नगीतांची स्पर्धा झाली, पाटा-वरवंटा, नांगर आणि रहाट यांचे प्रदर्शन भरले. ढोलकी वाजवायला मुंबईहून कलाकार आणले व त्याचे पैसे मोजले. सभागृहाच्या फाटकाशी शेजारच्या नव्या इमारतीचा वयस्क रखवालदार उभा राहून पाहत होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने सहज सांगितले की वादकाचा हात एका ठिकाणी चुकला. चौकशी केली, तेव्हा कळले की हे बाबा लालबागच्या एका गिरणीत कामाला होते आणि कामगारांच्या कलापथकात वीस वर्षे ढोलकी वाजवीत. आम्ही त्यांना म्हटले, ‘‘आधी का नाही सांगितलंत?’’ ते म्हणाले, ‘‘विचारलं कोणी, फादर?’’

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. नातवंडांना धर्मग्रामाच्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास बसू द्याल काय, एवढेच त्यांना विचारायचे होते. खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. आम्ही विषय समितीपुढे ठेवला. समितीने नियम दाखवला : वाचनालय धर्मग्रामाच्या सभासदांसाठी आहे. त्या नियमाखाली सही आमचीच होती, काही वर्षांपूर्वी केलेली. ‘एकाला दिले तर शंभर येतील’ असे कोणी म्हणाले आणि आम्ही गप्प बसलो. जेथे बोलायला हवे होते तेथे धर्मगुरू गप्प राहिला, ही गोष्ट आम्ही येथे कबूल करतो. वाचनालयातील तीस खुर्च्यांपैकी संध्याकाळी चार-पाच भरलेल्या असत.

आता याला दिले जाणारे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. ते प्रामाणिकही आहे. ‘फादर, आपण मूठभर आहोत. आपली सामवेदी बोली पोरांच्या तोंडून जात आहे. बारा लाखांच्या गर्दीत आपण विरघळून जाऊ. भिंत नको तर काय करू?’ ही भीती खोटी नाही. ज्या समाजाची बोली, जमीन आणि गाणी एकाच पिढीत हातून निसटू लागतात, त्याला मोठ्या मनाचे उपदेश करणे सोपे असते. परंतु आम्ही विचारतो, भिंतीने आजवर वाचवले काय? जमीन कोणी बाहेरच्याने हिसकावून नेली काय? काही ठिकाणी दडपशाही झाली, हे खरे. पण पुष्कळ ठिकाणी सातबाऱ्यावर सह्या आपणच केल्या आणि आलेल्या पैशांत बंगले बांधले. बोली घरात बोलायची आपणच सोडली. शेजारच्या चाळीतल्या बाईने येऊन आपल्या नातवाला इंग्रजीत बोलायला सांगितले नव्हते. लग्नातली गीते टिकली ती ज्या घरांत बायका आजही एकत्र बसून गातात तेथे. स्पर्धेच्या मंचावर ती वर्षातून एकदा दिसतात, एवढेच.

शिवाय आपली संस्कृती तरी कोठे बंद खोलीत घडली? ज्या सोपाऱ्याचे नाव काढताच आपण नाक मुरडतो, ते प्राचीन शूर्पारक बंदर होय. तेथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरून काढला. व्यापारी, भिक्खू, दर्यावर्दी असे सारे ‘बाहेरचेच’ तेथे उतरत होते. मराठी ख्रिस्ती साहित्याचा मानदंड असलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, ते फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने लिहिले. येथल्या लोकांनी त्याला आपल्या भाषेत घेतले नसते, तर आपल्या वाडवडिलांनी उपवासकाळात गायले असते काय? आपल्या सभागृहाचा नियम त्या काळी लागू असता, तर फादर स्टीफन्स फाटकाबाहेरच राहिले असते!

मग करायचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर दूर देशातून आले आहे. ते आपल्याला उपयोगी पडावे असे आहे, म्हणून सांगतो. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या कॅथलिक देशात मेडेलिन नावाचे शहर आहे. १९९०च्या सुमारास अमली पदार्थांच्या टोळ्यांमुळे ते जगातील अत्यंत हिंसक शहरांपैकी एक गणले जाई. तेथील डोंगरउतारावर खेड्यांतून विस्थापित झालेल्यांच्या वस्त्या आहेत. त्यांपैकी एका वस्तीचे नाव आहे संत डॉमिनिक सावियो, म्हणजे आपल्या डॉन बॉस्कोंच्या लाडक्या शिष्याचे. २००४ साली या उताराला आकाशपाळण्यांच्या मार्गाने खालच्या मेट्रो रेल्वेशी जोडण्यात आले. गणिताचे प्राध्यापक असलेले महापौर सेर्हिओ फाहार्दो यांनी ठरवले की शहरातील उत्तम इमारती सर्वांत गरीब वस्त्यांत उभ्या राहतील. वस्तीतल्या लोकांशी बैठका घेऊन काय कोठे हवे ते विचारले गेले आणि ग्रंथालय-उद्यानांची मालिका सुरू झाली. २००७ मध्ये संत डॉमिनिक सावियो वस्तीत भव्य ग्रंथालय उघडले. ज्यांच्याकडे शहर पाठ फिरवून होते, त्यांच्याकडे शहर पुस्तके घेऊन चढून गेले.

या गोष्टीचे पुढचे पानही वाचले पाहिजे. त्या देखण्या इमारतीत बांधकामाचे दोष निघाले आणि ती कित्येक वर्षे बंद ठेवावी लागली. मेडेलिनमधील हिंसा कमी झाली, त्यामागे पोलिसी व राजकीय अशी अनेक कारणे होती. केवळ पुस्तकांनी बंदुका खाली ठेवल्या असे कोणी म्हणू नये. परंतु क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी रस्ता, मग शाळा, त्यांच्याबरोबर ग्रंथालय, आणि या साऱ्यांत वस्तीचा शब्द. आपल्याकडे क्रम उलटा असतो : आधी महोत्सव, मग कमान, मग उद्घाटनाचा दगड, वस्तीचा शब्द ऐकायला वेळच उरत नाही.

हे आपल्या कायद्यात बसत नाही, असेही नाही. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा अठरा कामांची ती यादी आहे. तीत झोपडपट्टी सुधारणा आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन यांच्यानंतर काही ओळींतच सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन हे कामही आहे. एकाच यादीत असलेली ही कामे आपण वेगळ्या खात्यांत, वेगळ्या माणसांसाठी वाटून टाकली. त्याच दुरुस्तीने ३ लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने तर १९६५ सालीच आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात सांगून ठेवले आहे की संस्कृतीचा लाभ हा प्रत्येकाचा हक्क आहे. वंश, धर्म वा सामाजिक स्थिती यांवरून तो कोणाला नाकारता येत नाही. ते संविधान आम्ही सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केले होते. वाचनालयाच्या नियमावर सही करताना ते आठवले नाही.

म्हणून आमच्या मागण्या दोन बाजूंना आहेत. महापालिकेकडे आमचे मागणे असे, की विकास आराखड्यात ग्रंथालये, मैदाने व सभागृहे यांच्यासाठी राखलेले भूखंड त्याच कामासाठी वापरावेत. पहिले चांगले ग्रंथालय नालासोपाऱ्याच्या पूर्वेला, दाट चाळींच्या मधोमध व्हावे. सभागृहाचे भाडे भजनी मंडळाला आणि आदिवासी तारपावाल्यालाही परवडावे. महोत्सवात आदिवासी बांधवांना नाचायला बोलावण्याआधी त्यांच्या पाड्यांना पाणी द्यावे. आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना देण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. आजवर आपण हरकती घेतल्या त्या बहुधा आपल्या जमिनीपुरत्या. येथून पुढे शेजाऱ्याच्या मैदानासाठीही आपली सही पडली पाहिजे.

दुसरी मागणी आपल्याकडेच आहे. आपल्या धर्मग्रामांकडे सभागृहे आहेत, मैदाने आहेत, वाचनालये आहेत. या शहरातील फार थोड्या समाजांकडे एवढी सार्वजनिक जागा शिल्लक आहे. ती वर्षातील बहुतेक दिवस रिकामी असते आणि तिला कुलूप असते. शहरात दहा चौरस फूट जागेसाठी माणसे आयुष्य घालवत असताना रिकाम्या सभागृहाला कुलूप घालून आपण संस्कृती जपतो असे म्हणणे आम्हांला आता जमत नाही. वाचनालय सर्वांना खुले करावे, सुट्टीत मैदान चाळीतल्या पोरांना द्यावे आणि पुढच्या सणाच्या कार्यक्रमसमितीत भाडेकरूंचे दोन प्रतिनिधी घ्यावेत, असा ठराव आम्ही धर्मग्राम परिषदेच्या येत्या सभेत स्वतः मांडणार आहोत. विरोध होईल. पुस्तके हरवतील, गोंगाट होईल, देखरेखीचा खर्च वाढेल, हे आक्षेप खरे आहेत. त्यावर उपाय शोधता येतात. रिकाम्या खुर्च्यांवर मात्र दुसरा उपाय नाही. तेथे माणसेच बसवावी लागतात.

त्या रखवालदार बाबांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. मनाशी काही ठरवून आम्ही त्यांना बोलावणे पाठवले, तेव्हा इमारतीचे काम संपले होते. रखवालीचे कंत्राट दुसऱ्याकडे गेले होते आणि भाडे वाढल्यामुळे त्यांचे कुटुंब खोली सोडून आणखी पुढे, कोणी म्हणाले सफाळ्याकडे, कोणी म्हणाले पालघरकडे, निघून गेले होते. एकदा लालबागने त्यांना उठवले होते. दुसऱ्या वेळी आम्ही त्यांना बसायला सांगितलेच नाही. त्यांची नातवंडे आज कोठे अभ्यास करीत असतील, हे आम्हांला ठाऊक नाही. आमच्या वाचनालयात नाहीत, एवढे खरे.